सुगुणाक्काची अट

नऊ वर्षांत ज्या भावानं बहिणीच्या दाराकडे पाहिलंही नव्हतं, तो राजेंदर त्या सकाळी मल्काजगिरीतल्या तिच्या उंबऱ्याबाहेर चपला न काढताच उभा राहिला, आणि चारूच्या सारासाठी चिंच कोळत बसलेल्या सुगुणाचा हात भांड्यातच थांबला. त्याची दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. बायको बाळंतपणासाठी वरंगलला माहेरी गेलेली, म्हणजे घरात तो आणि अम्मा दोघंच... मग अम्माला काय झालं?

"अक्का," एवढंच तो बोलला. बाकीचं त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी अम्मापुढं हात टेकले होते, आता घरी न्या म्हणाले होते. पण मियापूरच्या घरमालकानं फाटकातच गाडी अडवली आणि मरायला टेकलेलं माणूस आत आणायचं नाही, असं स्वच्छ सांगितलं.

"घरमालक?" सुगुणानं विचारलं. तिनं तर ऐकलं होतं की भावानं स्वतःचा फ्लॅट घेतलाय.

राजेंदरनं मान खाली घातली. तो फ्लॅट अजून बिल्डरच्या चित्रातच होता. कर्जाचे हप्ते फ्लॅटचे, आणि राहणं भाड्याचं! भाड्याच्या घरात मरणार नाही अशी ज्यानं बापाच्या चितेसमोर शपथ घेतली होती, त्या मुलाला हे बहिणीसमोर बोलताना काय यातना झाल्या असतील, त्या त्यालाच ठाऊक.

"गाडी कुठंय?"

"गल्लीच्या तोंडाशी."

"मग इथं काय उभा राहिलायस? घेऊन ये तिला."

तो धावत गेला. सुगुणानं हात धुतले, खाटेवर स्वच्छ चादर घातली, आणि मग तिला वरच्या मजल्याची आठवण झाली. वर घरमालकीण आंडाळम्मा राहत होत्या.

हैदराबादेत घर भाड्यानं घेताना भाडं ठरतं, आगाऊ रक्कम ठरते, पाण्याची वेळ ठरते. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असते. भाडेकरूच्या घरात कुणी गेलं तर प्रेत आत ठेवायचं नाही. वाईट नक्षत्रावर मरण आलं तर ती वास्तू महिनोन्‌महिने कुलूप लावून ठेवावी लागते, मग मालकानं का म्हणून सोसायचं? जन्म भाड्याच्या घरात चालतो, मरण चालत नाही. नऊ वर्षांपूर्वी वडील, नान्ना, गेले तेव्हा राजेंदर रुग्णवाहिकेतून त्यांना घेऊन आला, तर पिठाच्या गिरणीसमोर, भर रस्त्यात, ताडपत्री आधीच बांधून तयार होती. 'हे कुणी ठरवलं?' असं त्यानं लोकांदेखत विचारलं, आणि सुगुणा पुढं होऊन म्हणाली, 'मी.' बापाच्या अगदी अंगाजवळून स्कूटर जात होत्या, धूळ उडत होती, आणि त्या धुळीत भावाबहिणीचं नातं जे मातीला मिळालं ते मिळालंच. नोकरी लागताच तो अम्माला घेऊन निघून गेला.

त्यानंतरच सुगुणा घरांची दलाल झाली. तिचं लग्नाचं वय भावाच्या शिक्षणात केव्हाच निघून गेलं होतं, हातात शिलाई होती, ती सोडली. आता दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात, दोन कुलुपं उघडून दाखवायची आणि कमिशन खिशात घालायचं, एवढाच तो धंदा. पण सुगुणा घर दाखवण्याआधी मालकाला तोंडावर विचारायची, "या घरात कुणी गेलं, तर याच दारातून नेऊ द्याल?" काही मालक टाळाटाळ करायचे, काही तिला हाकलून द्यायचे. 'नाही' म्हणणाऱ्याचं घर ती कुणाला दाखवत नसे, मग कमिशन बुडालं तरी बेहत्तर. बाकीचे दलाल तिला 'यमाची एजंट' म्हणून चिडवत आणि तिची गिऱ्हाइकं पळवत. ती म्हणायची, "पळवा. रडायला माझ्याकडेच येतील."

हे घर घेतानाही तिनं तोच प्रश्न विचारला होता. आंडाळम्मांच्या यजमानांनी हसून होकार दिला होता. पण ते गेले, आणि शब्दाला साक्षी उरला नाही.

गाडीचा आवाज ऐकून आंडाळम्मा जिना उतरून खाली आल्याच. नातीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, वर हळद कांडून ठेवलेली. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस दुष्टापेक्षा जास्त हट्टी असतं. त्यांनी सुगुणाला लग्नाचं सांगितलं, नक्षत्राचं सांगितलं, सरकारी दवाखान्याचा पत्ताही सांगितला. शेवटी म्हणाल्या, "घर माझं आहे, सुगुणा."

"घर तुमचंच आहे, पेद्दम्मा. पण भाडं देते तोवर राहणं माझं आहे, आणि मरणंसुद्धा राहण्यातच येतं." सुगुणाचा आवाज चढला नाही, पण पाऊलही मागं सरलं नाही. "मला काढायचं तर रीतसर नोटीस द्या, मी निघून जाईन. नक्षत्र वाईट निघालं, तर जितके महिने कुलूप लावाल तितक्या महिन्यांचं भाडं मी देईन. पण माझी अम्मा आत येणार, आणि जाईल ती याच दारातून."

आंडाळम्मा मागं फिरल्या. जाताना मात्र त्यांनी फाटकाच्या मोठ्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. फाटकातल्या लहान दारातून स्ट्रेचर तिरपं करून अम्माला, लच्चम्माला, कसंबसं आत घेतलं. तिरडी मात्र तिथून निघाली नसती, हे दोघा भावंडांना कळत होतं.

लच्चम्माचा श्वास घरघरत होता. खाटेवर टेकवताच तिनं डोळे उघडले, वर भिंतीकडे, देवाच्या फोटोकडे पाहिलं, आणि एकदम कासावीस झाली.

"आत कशाला आणलं? मला बाहेर ठेवा... गिरणीपाशी ठेवा..."

"अम्मा, बोलू नकोस गं," सुगुणा तिच्या तोंडावर हात ठेवायला धावली. राजेंदरला वाटलं, म्हातारी भ्रमात बोलतेय. पण लच्चम्मानं मुलीचा हात बाजूला केला. त्या वाळक्या हातात कुठून ताकद आली, कोण जाणे.

"बोलू दे. नऊ वर्षं तुझी शपथ पाळली, आता नाही पाळत." ती राजेंदरकडे वळली. "तुझ्या नान्नाला बाहेर मी ठेवलं रे. मालक म्हणाला, प्रेत आत आलं तर सामान आजच रस्त्यावर. चार दिवसांवर तुझी परीक्षा होती... पोराची पुस्तकं रस्त्यावर येतील म्हणून मीच हो म्हटलं. ही पायऱ्यांवर आडवी पडली होती. मालकाला म्हणत होती, माझ्यावरून पाय देऊन जा. मीच तिला ओढून उठवलं."

"मग अक्का 'मी' का म्हणाली?"

"पोरानं आईचं तोंड बघायचं सोडू नये म्हणून... तिचं तोंड बघायचं सोडलंस ते सोडलंस."

राजेंदर बहिणीकडे वळला. ज्या बहिणीला त्यानं बापाची वैरीण म्हणून हिणवलं, जिचं नाव घरात काढू दिलं नाही, तिनं आईचा कलंक आपल्या कपाळी लावून घेतला होता आणि नऊ वर्षं तो पुसायला हातसुद्धा उचलला नव्हता! त्यानं तिच्या पायाकडे हात नेला. तिनं तो मध्येच धरला.

"पाया नंतर पड. आधी तिला समजाव, नाहीतर खरंच उठून बाहेर जाईल."

तेव्हा तो आईच्या उशाशी सरकला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहानपणी ती त्याला समजवायची तसं तिला समजावत राहिला, की अम्मा, तू आतच राहायचंस, नान्नांना मिळाला नाही तो आतला हक्कसुद्धा तूच घ्यायचास. किती वेळानं कुणास ठाऊक, लच्चम्माची बोटं सैल झाली आणि ती शांत पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन्ही मुलांच्या हातचं पाणी घेऊन, ती गेली.

सुगुणानं घरं मिळवून दिलेली माणसं हळूहळू गल्लीत जमली. रिक्षावाले, शिंपी, कॉल सेंटरमधली पोरं, एक शाळामास्तर. तिरडी बांधून झाली आणि सगळे कुलूपबंद फाटकाकडे बघू लागले. कुणी म्हणालं कुलूप तोडू, कुणी म्हणालं भिंतीवरून देऊ.

"तोडायचं नाही," सुगुणा म्हणाली. "दार उघडेल. नाही उघडलं तर थांबू."

आणि सगळे थांबले. ऊन कललं तरी कुणी हललं नाही. वरच्या गॅलरीत आंडाळम्मा पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या यजमानांची तिरडी याच फाटकातून गेली होती, तेव्हा हीच सुगुणा त्यांना धरून बसली होती. त्या खाली उतरल्या, कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि फाटक सताड उघडून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. लच्चम्मा चौघांच्या खांद्यावरून, मोठ्या दारातून गेली.

नक्षत्र वाईटच निघालं. पुरोहितानं घर तीन महिने बंद ठेवायला सांगितलं. आंडाळम्मांनी कुलूप लावलं, आणि तीन महिन्यांचं भाडंही घेतलं. सुगुणानंही ते मोजून दिलं, कारण तिनं तसा शब्द दिला होता. लग्न त्यांनी मंगल कार्यालयात हलवलं, आणि पत्रिकेला कुंकू लावून पहिली पत्रिका सुगुणाच्या हातात ठेवली.

मियापूरचं घर राजेंदरनं सोडलंच होतं, सुगुणाचं कुलपात होतं, आता एकत्रच राहायचं ठरलं. बायको बाळ घेऊन येण्याआधी घर हवं होतं, म्हणून भाऊ-बहीण मिळून उन्हातान्हात घरं शोधू लागली. "अक्का, कमिशन किती घेशील?" त्यानं विचारलं. "जे सगळ्यांकडून घेते तेच. भाऊ म्हणून सूट नाही," ती म्हणाली, आणि कित्येक वर्षांनी दोघं हसली.

नाचारममधलं घर छान होतं. दोन खोल्या, मागं मोकळी जागा, दारात कढीपत्त्याचं झाड. मालकानं विचारलं, माणसं किती. राजेंदरनं सांगितलं, तिघं मोठी आणि एक तान्हं. भाडं ठरलं, आगाऊ रक्कम ठरली. सुगुणानं नेहमीसारखा घसा खाकरला, पण तिच्याआधी राजेंदरच बोलला.

"एक अट आमचीही आहे. या घरात कुणी गेलं, तर याच दारातून नेऊ द्याल?"

मालकाचा चेहरा उतरला. तान्हं बाळ घरी येतंय आणि हा माणूस काय अभद्र बोलतोय, असं काहीबाही तो पुटपुटला, आणि शेवटी त्यानं मान हलवली. नाही जमणार.

राजेंदरनं कढीपत्त्याच्या झाडाकडे एकदा पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि बहिणीच्या हातातली जड पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

"चल अक्का," तो म्हणाला, "पुढचं घर दाखव."