सारजाबाईंचा निळा अंगठा

कुणाला हसायचं तर हसू द्या. हे माझ्या सख्ख्या चुलत्यांच्या, भागुजींच्या बाबतीत घडलंय. निमगाव साव्यात, दोन महिन्यांपूर्वी, मंगळवारी भर दुपारी.

त्याच्या महिनाभर आधी चुलती सारजाबाई मंचरच्या एका दवाखान्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेली होती. भागुजींची भाची वैजयंती तिथंच नर्स. मामाच्या घरी राहून शिकलेली, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली.

ऑपरेशनच्या कागदावर चुलतीनं सही केली. मोडकीतोडकी, पण सहीच. अंगठा लावायला सांगितलं की तिला राग यायचा.

ऑपरेशन करून तिला बाहेर आणलं, तेव्हा तिचा अंगठा... शाईनं निळा होता.

वैजयंती म्हणाली, औषधाचा डाग आहे. भागुजींनी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी चुलती गेली. तिचा मोबाइल बंद करून भागुजींनी ट्रंकेत ठेवला.

आणि ऑपरेशनपासून तिसाव्या दिवशी, त्या मंगळवारी, त्यांना पुण्याहून आरोही नावाच्या मुलीचा फोन आला. भुलीच्या नव्या औषधाची पेशंटवर चाचणी चाललीय, सारजाबाई त्या अभ्यासात आहेत, संमतीच्या कागदावर त्यांचा अंगठा आहे, ठरलेल्या दिवशी फोन करून विचारपूस करायची असते, पण त्यांचा फोन आज लागत नाही म्हणून कागदावरच्या या दुसऱ्या नंबरवर केला, असं ती म्हणाली.

भागुजींनी सांगितलं, ती तर तिसऱ्याच दिवशी गेली.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पण सातव्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्यात. भुलीत असतानाचं काही आठवतं का, विचारलं होतं. त्यांचे शब्द लिहून घेतलेत."

भागुजींनी वाचायला लावलं.

"'मला समदं ऐकू येत व्हतं. वैजू म्हनली, मामीचा अंगठा आत्ताच घेते, मामा काय इचारनार न्हाई.'"

मला विचाराल तर, चुलती गेली तेव्हाही भागुजी इतके खचले नव्हते.

त्यांनी वैजयंतीला फोन लावला. तेच शब्द ऐकवले.

"मामा, तवा तिथं मी आन डॉक्टरच व्हतो. तुमाला कुनी सांगितलं?"

भागुजींनी फोन ठेवला. ट्रंक उघडली.

मोबाइल बंदच होता. काचेवर... निळा अंगठा.

तो जात नाही. मी स्वतः घासून पाहिलाय.

वैजयंती त्यानंतर गावात फिरकलेली नाही. अभ्यासातला पुढचा फोन नव्वदाव्या दिवशी असतो, असं आरोही बोलून गेली होती. तो दिवस येत्या शनिवारी आहे.

काल मी भागुजींकडे गेलो, तर त्यांनी चुलतीचा मोबाइल चार्जिंगला लावला होता.