फाटकाजवळचा खड्डा

अप्पांनी उभी हयात रस्त्यांच्या कामांवर देखरेख करण्यात घालवली होती. त्यामुळे फाटकापासून घराच्या पायरीपर्यंतच्या स्वतःच्याच मुरमी वाटेवरले खड्डे त्यांना अपमानासारखे टोचत. त्यातच खुब्याचे हाड मोडलेली पत्नी आता रुग्णालयातून घरी यायची होती. मोटारीचा एक धक्काही जुळत आलेले हाड निखळवील, असे डॉक्टरांनी बजावले होते.

अप्पांनी विधिपूर्वक आरंभ केला. टणक जमीन लागेपर्यंत सैल कडा कापायच्या, पाणी शिंपडायचे, मुरमाचे थर देऊन धुमसाने ठोकायचे. सारे खड्डे निमूट बुजले. फाटकाजवळचा मात्र रोज सकाळी उघडा सापडे. मुरूम विखुरलेला नसे, नाहीसाच होई. कडा पुन्हा सैल लागत, आणि अप्पा नियमाप्रमाणे पुन्हा कापत.

शेजारचा गवंडी कुंपणावर रेलून म्हणाला, "अप्पा, खड्डा बुजवताय की खणताय?"

अप्पा हसले. गवंड्याचे हसू मात्र मावळले होते. त्यांनी खाली पाहिले. खड्डा लांबट झाला होता. माणूस पाय पसरून निजेल एवढा.

"असा का कापलात?"

"टणक जमीन लागली तिथं थांबलो, इतकंच."

संध्याकाळी मुलगा रुग्णालयातून परतला. उद्या आईला आणायचे, म्हणाला. पण दिवसभर ती कण्हत होती. छातीवर कुणीतरी ठोकतंय, एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होती.

अप्पांनी धुमस भिंतीशी ठेवून दिला.

पहाटे त्यांनी तो खड्डा नुसत्या हातांनी भरला. निजलेल्याला थोपटावे तसा तळव्यांनी हलके हलके दाबला. सगळ्या वाटेवर पाणी शिंपडले. चिमणी उतरली तरी नखे उमटावीत इतका मुरूम मऊ झाला.

दुपारी ते पायरीवर उभे असताना मोटार थेट पायरीशी येऊन थांबली.

"धक्का कळलासुद्धा नाही हो," पत्नी म्हणाली. तिचा चेहरा निवला होता. "छातीही हलकी झाली."

मुलाने तिला उचलून आत नेले. अप्पा फाटक लावायला गेले.

चाकांचे दोन पट्टे फाटकातून खड्ड्याच्या कडेपर्यंत आले होते.

खड्ड्यातल्या मुरमावर अप्पांच्या तळव्यांचे ठसे होते तसेच होते.

तिथून पायरीपर्यंत वाटेवर केवळ अप्पांचीच पावले.

"अहो," आतून पत्नीने हाक मारली, "आत या ना."