नामदिनाची कॉफी

आरविदला त्या दिवशी तालमीला उशीर झाला, म्हणून ओटिलिया त्याला भेटली. वेळेवर आला असता तर भेट झाली नसती, आणि एका परीनं दोघांचंही भलं झालं असतं.

गुरुवारची संध्याकाळ होती. अमेरिकेतल्या रॉकफर्ड गावातल्या तमाम स्वीडिश मोलकरणींच्या सुट्टीची. वाण्याच्या दुकानावरच्या माडीत पुरुषांचं गायनमंडळ तालमीला बसलं होतं, आणि खाली लायलॅकच्या झुडपाशी ओटिलिया मान वर करून उभी होती. माडीवर बायकांना मज्जाव. कप विसळायला मात्र बायका चालायच्या, बरं का!

"चोरून ऐकणं चाललंय वाटतं?"

तिनं दचकून मागे पाहिलं. एक उंच तरुण धापा टाकत उभा होता. डोक्यावर गाणाऱ्यांची पांढरी टोपी तिरकी झालेली, बाहीला खुर्च्यांच्या कारखान्यातल्या व्हार्निशचा वास.

"चोरण्यासारखं काही असलं तर ना! वरच्या पट्टीतले गडी घसरताहेत."

"घसरणारच. त्यांना धरून ठेवणारा इथे तुझ्याशी बोलत बसलाय."

"मग जा की वर!"

"जातो..." तो म्हणाला, आणि गेला नाही.

मग दर गुरुवारी नदीच्या पुलावर भेटणं आलं. तो गेल्याच शरद ऋतूत स्वीडनहून आलेला. ती मात्र लहानपणीच स्टीना मावशीचं बोट धरून आलेली. तो गुणगुणायचा, ती नावं ठेवायची. पाऊस आला की तो आपली टोपी तिच्या डोक्यावर घालायचा आणि स्वतः भिजायचा. पण नेमकं जे बोलायला हवं ते काही बोलायचा नाही. गाताना आभाळ फाडणारा हा माणूस, तिथे आला की... आवाजच बसायचा!

इकडे स्टीना मावशीनं स्थळ आणलं होतं. मॉन्स नावाचा बिजवर, नेब्रास्कातला शेतकरी. गवतकापणीच्या आत त्याला परतायचं होतं आणि बायको घेऊनच परतायचं होतं.

"तो तुझा गाणारा पोपट विचारतोय का काही?" मावशी म्हणायची. "नुसत्या गाण्यानं चूल पेटत नाही, टिली."

टिलीनं, म्हणजे ओटिलियानं, पुढच्याच गुरुवारी पुलावर विषय काढला.

"तुमचं मंडळ म्हणे कुणाच्याही खिडकीखाली गातं?"

"कुणाच्याही नाही. मुलीच्या नामदिनाच्या पहाटे गडी जिच्या खिडकीखाली मंडळ उभं करतो, तिला त्यानं मागणी घातली असं समजायचं. खिडकी उघडली, वर बोलावून कॉफी पाजली, की जमलं."

"आणि नाही उघडली तर?"

"तर जन्मभर मंडळात चेष्टा."

"माझा नामदिन जवळ आलाय. त्या दिवशी मी मावशीकडे असते," ती नदीकडे बघत म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पंचांगात बघून ठेवलाय." त्याचे कान लाल झाले. "खिडकीला तेल घालून ठेव... कुरकुरली तर सूर बिघडतील आमचे."

दिवस कुठला, हे त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. स्वीडिश लोकांत वर्षाचा प्रत्येक दिवस पंचांगात कुणाच्या ना कुणाच्या नावाचा, आणि तो त्या नावाच्या माणसाचा नामदिन. नामदिन कधी, हे विचारणं म्हणजे नाताळ कधी, असं विचारणं!

"नामदिनापर्यंत थांब," तिनं मावशीला सांगितलं. "मग मॉन्सना उत्तर देते."

मावशीच्या स्तोत्रांच्या जुन्या पुस्तकात, मागच्या पानांवर सगळ्यांच्या नावांचे दिवस छापलेले होते. ओटिलियाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती मालकिणीची रजा घेऊन मावशीकडे राहायला आली. वेलदोड्याचे पाव भाजले, शेजारपाजारचे कप गोळा केले, खिडकीच्या बिजागरीला तेल घातलं. पहाटे मोठं भांडंभर कॉफी उकळली आणि कान देऊन बसली.

पाखरं ओरडली. दुधाची गाडी गेली. कारखान्याचा भोंगा झाला.

"पुन्हा तापवू का?" मावशीनं विचारलं. तापवलेली कॉफी कडू जहर झाली. दोघींनी ती तशीच प्यायली, शेजारणींचे कप धुतले आणि परत दिले. प्रत्येक दारात तेच, "आले होते का ग?" ओटिलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॉन्सना सांग, हो म्हणून," ती म्हणाली.

त्या गुरुवारी ती पुलावर गेलीच नाही. आरविद अंधार पडेपर्यंत थांबला. मालकिणीनं अडकवलं असेल, असं त्याला वाटलं. मग मंडळ शिकागोला गायनमेळाव्याला निघून गेलं. इकडे पाद्रीबाबांच्या घरी बैठकीच्या खोलीत साधंसं लग्न उरकलं. नवराबायको मावशीकडेच उतरले. दुसऱ्या दिवशी नेब्रास्काची गाडी होती.

त्या पहाटे खिडकीखाली गाणं उठलं.

सगळं मंडळ होतं, प्रवासातल्या चुरगळलेल्या कपड्यांत. वरच्या पट्टीतला एक आवाज सगळ्यांना धरून होता, जराही न घसरता. ओटिलिया पलंगावर उठून बसली.

खिडकी उघडली ती मॉन्सनं.

"अहो, वा! शिकागोहून थेट आमच्या लग्नाला गायला आलात? या, वर या! ओटिलिया, कॉफी ठेव!"

मॉन्स वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर राग तरी काढता आला असता.

मंडळी मान खाली घालून जिना चढली. मॉन्स पाव वाटत दुसऱ्या खोलीत गेला. आरविद चुलीपाशी उभा राहिला. त्याची नजर तिच्या बोटातल्या अंगठीवर होती.

"नामदिनाच्या शुभेच्छा," तो म्हणाला.

"तो केव्हाच झाला. मी कॉफी करून बसले होते."

"नाही ग... आज आहे. तिकडे स्वीडनमध्ये पंचांग बदललं, नावांचे दिवस इकडचे तिकडे केले. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मावशीनं फडताळातल्या स्तोत्रांच्या जुन्या पुस्तकाकडे पाहिलं.

"पुलावर का नाही आलीस?"

"राग आला होता."

"एकदा विचारायचंस तरी."

"तू एकदा सांगायचंस."

ओटिलियाला ओरडावंसं वाटत होतं. तिनं चुलीत लाकूड सारलं.

"कसला नामदिन? कुणाचा?" मॉन्स दारात आला. "तुझा? आज? मग हा दिवस मी दरवर्षी लक्षात ठेवीन!"

"आज नाही," ओटिलिया म्हणाली. "होऊन गेला. मावशीच्या पुस्तकातलाच दिवस धरायचा."

आरविदनं टोपी उचलली.

"अं हं! दुसरा कप घेतल्याशिवाय जायचं नाही," मॉन्सनं त्याला दंडाला धरून बसवलं. पाहुण्यानं दुसरा कप नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. ओटिलियानं कप भरला. साखरेचा खडा दातात धरून प्यायची त्याची सवय तिला ठाऊक होती. तिनं साखर पुढे केली.

"नको," तो म्हणाला. कडू कॉफी एका दमात प्यायला, मॉन्सशी हात मिळवला आणि जिना उतरला.

मंडळ कोपऱ्यावरून वळलं. कुणीच गात नव्हतं. ओटिलियानं खिडकी लावून घेतली. बिजागरीला तेल घातलेलं होतं. जरासुद्धा कुरकुरली नाही.