ग्राउकोप्फचा पांढरा उतार

ग्राउकोप्फच्या माथ्यावर एक लाकडी क्रूस आहे. त्याला हात लावायचा आणि परत यायचं, एवढ्यासाठी तिघं निघाले होते.

अहिल्या आणि गौरांग, नवरा-बायको, गेली पाच वर्षं फेब्रुवारीतल्या फाशिंग सणाच्या सुट्टीत दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉय डोंगरांतल्या हिंटरआख गावी स्की करायला येत. पहिल्या वर्षी दोघं चार-चार वर्षांच्या जर्मन पोरांच्या रांगेत उभी राहिली होती आणि दिवसभर बर्फात आपटली होती. त्या शिकाऊ उतारावरून समोर ग्राउकोप्फ दिसायचा, राखाडी आणि एकटा. तिथे लिफ्ट जात नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या आणि पाऊल पाऊल सरकत चढायचं, एवढाच मार्ग. "एकदा तिथे जायचं," गौरांग दर वर्षी म्हणायचा, आणि अहिल्या म्हणायची, "पुढच्या वर्षी."

यंदा पुढचं वर्ष उरलंच नव्हतं. नेकारसुल्मजवळच्या ज्या कंपनीत गौरांग गाडीच्या ब्रेकचं डिझाइन करायचा, तिने नोव्हेंबरात त्याचा अख्खा विभाग बंद केला. अहिल्याचं काँट्रॅक्टही बेफ्रिस्टेट, म्हणजे मुदतीचं, मार्चअखेर संपणारं. दोन महिने अर्ज पाठवून झाले. 'लायडर', म्हणजे 'खेद आहे', या शब्दाने सुरू होणारी उत्तरं गौरांगने शेवटी उघडायचीच सोडली. एप्रिलमध्ये पुण्याला परत जायचं ठरलं. त्यानंतर तो घरात फारसा बोलेनासा झाला. बोलला तो एकदाच: "जाण्याआधी ग्राउकोप्फ करू."

म्हणून विनयदादा सोबत यायला तयार झाला. हा गौरांगचा मावसभाऊ, कार्ल्सरूहेला चौदा वर्षं राहिलेला, हिवाळाभर डोंगरात असणारा. त्यानेच जानेवारीत दोघांना हिमस्खलनाचा दोन दिवसांचा कोर्स करायला लावला. सोबत लतिकावहिनी आणि सात वर्षांचा वेदही आले होते, पण ती दोघं खाली गावातच राहणार होती.

सकाळी नाश्त्याला ते उतरले होते त्या पेन्शनच्या, म्हणजे छोट्या गेस्टहाउसच्या, मालकीण फ्राउ फिंक यांनी खिडकीतून वर पाहिलं आणि मान हलवली. "हॉयटे निष्ट," त्या म्हणाल्या. आज नको.

विनयने मोबाइल पुढे धरला. अठराशे मीटरच्या वर हिमस्खलनाचा धोका तिसऱ्या पातळीचा होता, वाऱ्याने साठवलेल्या बर्फाचा.

"पाचपैकी तीन," गौरांग म्हणाला. "म्हणजे मधलाच."

"सगळ्यात जास्त माणसं मधल्यातच मरतात," विनय म्हणाला. "ऐका. वर जाऊन बघू. मी 'परत' म्हटलं की परत. वाद नाही."

दोघांनी मान डोलावली.

आठ वाजता ते जंगलात शिरले. देवदारांच्या फांद्या बर्फाने वाकल्या होत्या; मधूनच एखादी हलकी होऊन वर उसळायची आणि पांढरी भुकटी अंगावर सांडायची. स्कीचा सरसर आवाज आणि स्वतःचा श्वास, बाकी काही नाही. अहिल्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. पुढे चाललेल्या गौरांगच्या पाठीकडे बघताना तिच्या लक्षात आलं की तो ताठ चालतोय. नोव्हेंबरपासून तो असा चालला नव्हता.

साडेदहाला ते आल्पंपाशी पोचले. ही उन्हाळ्यात गुराख्यांची असते तशी लाकडी झोपडी. आता दाराला कडी आणि छपरावर छातीएवढा बर्फ. इथे मोबाइलला एक दांडी रेंज होती. विनयने वहिनींना फोन लावला. "हो गं, जेवायला येतो. वेदला सांग, स्की स्कूलमध्ये रडायचं नाही."

आल्पंच्या वर झाडं संपली आणि धुकं सुरू झालं.

आधी ते विरळ होतं. मग समोरचा गौरांग करडा झाला, मग नुसती सावली. वारा खड्या मिठासारखे कण तोंडावर मारू लागला. पट्ट्यांखाली बर्फाचे गोळे चिकटले, दर दहा पावलांना ते काठीने खरवडावे लागत. गौरांगचा बूट स्कीला धरून ठेवणारी पकड दोनदा निसटली. तिसऱ्यांदा ती बसवताना त्याने हातमोजे काढले आणि बोटं क्षणात लाकडासारखी झाली. तरी तो चढतच राहिला.

आणि मग तो आवाज आला.

वुम्!

पायांखालची जमीन बोटभर खचल्यासारखी वाटली. मोठ्या ओल्या गादीवर कुणीतरी बसावं तसा तो आवाज अहिल्याच्या पोटातून गेला. कोर्समधल्या शिक्षकाने हाच आवाज तोंडाने काढून दाखवला होता आणि म्हटलं होतं, हा ऐकलात तर घरी जा.

विनय थांबला. त्याने फावड्याने बर्फात हातभर खोल चौकोन कापला आणि वरून हलकेच थापटलं. वरचा थर पाटीसारखा सुटा होऊन सरकला.

"संपलं," विनय म्हणाला. "परत."

गौरांग एकदम काठ्यांवर रेलला. "दादा, किती राहिलंय?"

"उंची दीडशे मीटर. पण मधे हा उतार आहे."

"दीडशे! दादा, मी या देशात नऊ वर्षं काढली. आता सगळं खोक्यांत भरून चाललोय. एक गोष्ट पूर्ण करून जाऊ दे ना मला. एक!"

त्याचा आवाज फाटला. विनयने नजर वळवली. कडक माणूस, पण या भावाला त्यानेच इकडे बोलावलं होतं, त्यानेच स्टुटगार्टला उतरवून घेतलं होतं. तो अहिल्याकडे वळला.

"तू सांग, अहिल्या. तुला काय वाटतं?"

तिला जे वाटत होतं ते स्पष्ट होतं. 'परत' हा एक शब्द, बस. पण समोर गौरांगचा चेहरा होता. तीन महिने मेल्यासारखा पडलेला तो चेहरा आज सकाळी जिवंत झाला होता, आणि तो पुन्हा विझवणारी आपण व्हायचं का?

"तुम्ही ठरवाल तसं, दादा," ती म्हणाली.

विनयने लांब श्वास सोडला. "ठीक आहे. एकेकाने उतार ओलांडायचा. मी पलीकडे खडकांपाशी पोचून हाक मारेन, मगच पुढचा. मी आधी जातो."

तो निघाला. दहा पावलं. वीस. धुक्यात त्याचं लाल जॅकेट फिकट होत गेलं.

मग चाबूक ओढल्यासारखा फटकारा!

अहिल्याच्या स्कीच्या टोकापासून तीन हातांवर एक काळी रेघ उमटली आणि वीज धावावी तशी उतारावर धावत गेली. रेघेखालचं सगळं हललं. अख्खा उतार फुटलेल्या काचेसारखा तुकडे होऊन वाहू लागला. लाल जॅकेट एकदा वर आलं. एक हात दिसला. "दादा!" गौरांग किंचाळला. मग गडगडाट, भुकटीचा लोट, आणि शांतता.

"गौरांग! मशीन! सर्चवर कर!"

स्वतःचा तो आवाज अहिल्याला ओळखू आला नाही. तिने छातीवरचं यंत्र ओढलं, कळ सरकवली; आता ते विनयच्या अंगावरच्या यंत्राचा सिग्नल शोधणार होतं. कोर्समध्ये सांगितलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं; उरला होता फक्त एक आकडा. पंधरा मिनिटं. त्यानंतर बर्फाखालची माणसं मरायला लागतात.

दोघं ढेकळांवरून धडपडत खाली गेले. यंत्र मुकं होतं. पाच पावलं, मुकं. मग पीप! बाण उजवीकडे. अडतीस मीटर. एकतीस. अहिल्या पडली, उठली. बावीस. गौरांग रडत होता आणि धावत होता. अकरा. सहा. ती गुडघ्यांवर आली, यंत्र बर्फाला टेकवून सरपटली. दोन पूर्णांक चार. दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक दोन. त्याहून कमी होईना.

"इथे! काठी दे!"

शोधकाठी खोल गेली. काही नाही. वीतभर पुढे. काही नाही. पुन्हा. पुन्हा. सहाव्यांदा काठी थांबली, आणि खडकासारखी टणक नाही, मऊ थांबली.

"खण!"

उतार थांबला की तो बर्फ सिमेंटसारखा होतो. फावडं आपटून परत येत होतं. गौरांग तोडत होता, अहिल्या मागे फेकत होती. घड्याळाकडे बघायचं तिने टाळलं आणि तरी बघितलं. आठ मिनिटं. अकरा. खड्डा कमरेएवढा झाला. चौदा. लाल कापड! पण ती पाठ होती.

"तोंड कुठेय? अहिल्या, तोंड कुठेय?"

ती डोकं खाली घालून आत शिरली आणि हातांनी ओरबाडू लागली. हेल्मेट. कान. गाल. ओठ जांभळे, तोंडात बर्फाचा बोळा. तिने बोट घालून तो काढला. श्वास नव्हता. तिने ओठांवर ओठ टेकवून फुंकर मारली. एक. दोन. तीन. काही नाही. चार. पाच.

विनय खोकला.

गौरांग खड्ड्याच्या काठावर बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. पण आनंद करण्याजोगं फारसं नव्हतं. बाहेर ओढताना विनय असा ओरडला की दोघांचे हात सुटले. उजवी मांडी मधेच वाकडी झाली होती. ओठांवर गुलाबी फेस येत होता. आणि मोबाइलवर रेंजची एकही दांडी नव्हती.

"मी जातो," गौरांग म्हणाला.

"तुझी स्कीची पकड टिकत नाहीय. मी जाते. तू त्यांना झोपू देऊ नकोस."

तिने आपलं जादा जॅकेट आणि चंदेरी पांघरूण विनयभोवती गुंडाळलं. विनयने डोळे उघडले. "लतिकाला..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला जमलं नाही.

चढताना उमटलेल्या खुणा वाऱ्याने निम्म्या बुजवल्या होत्या. अहिल्या त्या हुंगत उतरली म्हटलं तरी चालेल. दहा मीटर घसरायचं, थांबायचं, खूण शोधायची. एकदा खूण सापडलीच नाही आणि समोर धुक्यात एकदम पोकळी आली. कडा! तिने अंग आडवं टाकलं. डावं मनगट अंगाखाली कडकन वाजलं. पडल्या पडल्या तिला वाटलं की इथेच राहावं. तिकडे विनय बहुतेक गेलाच असेल. गेलेल्या माणसासाठी इतकं कशाला धावायचं? मग तिने उजव्या हाताने काठी रोवली आणि उठली.

आल्पंपाशी पोचायला पन्नास मिनिटं लागली. मोबाइल थंडीने बंद पडला होता. तिने तो काखेत दाबून धरला आणि वाट पाहिली, एकेक मिनिट मोजत. पडदा उजळला. चार टक्के. ११२.

"वी फीले फेरशुटेटे?" पलीकडून आवाज आला. किती जण गाडले गेले?

"एक. बाहेर काढलाय. जिवंत... होता." तिला जर्मन शब्द आठवेनात, मग सगळे एकदम आठवले. जागा, पाय, फेस. "हेलिकॉप्टर पाठवा, बिट्टं! प्लीज!"

"धुक्यात उडता येत नाही. टीम चालत येईल. तुम्ही तिथेच थांबा. वर परत जाऊ नका. कळलं?"

फोन बंद पडला.

झोपडीच्या भिंतीला पाठ लावून ती दोन तास बसली. आयुष्यात एवढी असहाय ती कधीच नव्हती. वर दोन माणसं होती आणि त्यातलं कोण जिवंत आहे हे तिला माहीत नव्हतं. एका क्षणी धुकं फाटलं. माथा दिसला, त्यावरचा क्रूसही, उन्हात झगझगीत, हात पुरेल असं वाटावं इतका जवळ. तिने तोंड फिरवलं. तेवढ्यात धुक्याने फट बुजवून टाकली.

बेर्गवाख्टची, म्हणजे डोंगरातल्या बचावपथकाची, सहा माणसं घसरगाडी ओढत आली. एक बाई तिच्यापाशी थांबली, मनगट बांधलं, गरम चहा पाजला. बाकीचे न बोलता वर गेले. संधिप्रकाश उतरू लागला तेव्हा ते परतले. गाडीवर लाल गाठोडं होतं. मागे गौरांग दोघांच्या आधाराने येत होता. त्याने आपले हातमोजे विनयला घातले होते, आणि त्याची दहाही बोटं मेणासारखी पांढरी होती.

"एर लेब्ट," पुढचा माणूस म्हणाला. जिवंत आहे.

खोऱ्यातल्या हॉस्पिटलात लतिकावहिनी आधीच पोचल्या होत्या. वेदला त्यांनी फ्राउ फिंककडे ठेवलं होतं. सर्जन बाहेर आला. माणूस वाचेल, तो म्हणाला. फुप्फुसाला मार आहे. पाय वाचवता येईल का, ते आठवडाभराने सांगता येईल. आणि तो निघून गेला.

कॉरिडॉरमध्ये तिघं उरली. गौरांगचे हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होते. वहिनी बंद दाराकडे बघत राहिल्या.

"विनय असल्या दिवशी वर जात नाही," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "चौदा वर्षांत कधी गेला नाही. धोका दिसला की परत फिरतो. आज का नाही फिरला?"

गौरांगने तोंड उघडलं. "वहिनी, मी..."

"तो फिरत होता," अहिल्या म्हणाली. "गौरांगने हट्ट केला. मग दादांनी मला विचारलं. मला कळत होतं की परत जायला हवं. मी बोलले नाही."

वहिनी तिच्याकडे वळल्या. त्या ओरडतील असं अहिल्याला वाटलं; ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पर्स उचलली आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, एकटीच असलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

अहिल्या उठली नाही. आज वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण ती आणि गौरांग तिथेच, त्या बंद दारासमोर, बसून राहिली.