फट नसलेलं चित्र

उद्धवरावांना दारूचा नाद नव्हता, तमाशाचा नव्हता. नाद होता तो जिगसॉचा. पातळ लाकडी फळीवर चित्र डकवायचं, ती फळी बारीक करवतीनं वेड्यावाकड्या तुकड्यांत कापायची आणि तेच तुकडे पुन्हा जुळवून चित्र उभं करायचं, असा तो साहेबी खेळ. खडकीला नोकरीत असताना विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या फोरमननं त्यांना पहिला डबा दिला होता. आता सत्तावन्न साल लागलं होतं. उद्धवराव पिंपरीत मुंबई रस्त्यावरच्या एका कारखान्यात टूलरूमचे फिटर होते आणि सोनबांच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत फडताळावर तसले एकोणीस डबे रचलेले होते.

"चित्रावर जायचं नाही, जोड बघायचा," असं ते बायकोला, यशोदाबाईंना, सांगत. पुरं झालेलं चित्र एका कोपऱ्याला धरून अलगद उचलायचं. लोंबलं तर माल हलका, ताठ राहिलं तर चांगला. तुकड्याच्या कडेला कागद उसवलाय का, ते नखानं बघायचं. शेवटी फिलर काढायचा. म्हणजे केसासारख्या पातळ पोलादी पानांचा जुडगा. त्यातलं कुठलं पान जोडात शिरतं त्यावरून फट कळते. करवत फिरली की तिच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जाणार, तेवढी फट राहणारच. ती जितकी बारीक तितका कारागीर मोठा. पण बिनफटीचा जोड जगात नाही, असं उद्धवरावांचं ठाम मत होतं.

मूलबाळ नव्हतं. बार्शीकडची माणसं दूर. यशोदाबाईंना रंगांची जाण नवऱ्यापेक्षा जास्त होती. दुपारी भांडी आवरली की त्या पाटावर तुकडे पसरून बसत. उद्धवराव साडेतीनला पहिल्या पाळीहून आले की दोघं मिळून संध्याकाळपर्यंत जुळवत. नवराबायकोचं बोलणं असं बहुतेक त्या पाटावरच होई.

चैत्रात एका रविवारी ते पुण्याच्या जुन्या बाजारातून एक डबा घेऊन आले. घरी पिशवी उपडी केली तर डबे दोन निघाले. दुसरा भंगारवाल्यानं न विचारताच आत टाकला होता. त्यावर चित्र नाही, नाव नाही, किती तुकडे तेही नाही. आतल्या लाकडाला ओल्या राखेसारखा वास येत होता.

पहिल्या दिवशी कडा जुळल्या. चित्र एका माळरानाचं निघालं. वाळलेलं गवत, वर पांढुरकं आभाळ. झाड नाही, घर नाही, माणूस नाही.

"ह्यात बघायचं काय?" यशोदाबाई म्हणाल्या.

उद्धवराव चित्रावर वाकले. त्यांनी दोन तुकड्यांवरून अंगठा फिरवला, तर मधली रेघ हाताला लागेना. फिलरचं सगळ्यांत पातळ पान लावलं, ते शिरेना. भिंग आणलं. भिंगातही रेघ नव्हती. तुकडा तुकड्याला लागला की फळी अखंड होत होती.

आधी त्यांना आनंद झाला. असलं काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग हात धुताना त्यांच्या मनात आलं, भुशात गेलेलं लाकूड भरून आलं कुठून?

"असंल साहेबाची करामत," यशोदाबाई म्हणाल्या. "जेवायला बसा."

चौथ्या दिवशी खाटेमागच्या भिंतीवर एक बारीक रेघ दिसली. सोनबा मळ्यातून आले तेव्हा उद्धवरावांनी ती त्यांना दाखवली.

"चुना हाय त्यो," सोनबा म्हणाले. "उन्हानं तडकतुया. आमच्या वाड्याला बी हाय तसलं. पावसाळ्याआधी हात मारून देतो."

सोनबा गेल्यावर उद्धवराव भिंतीजवळ गेले. तडा वेडावाकडा फुटतो. ही रेघ वळणं घेत होती. जागोजागी गोल डोकं काढून परत मागं येत होती. भिंतीवरून ती दिनदर्शिकेच्या कागदावर उतरली होती, कागदावरून पत्र्याच्या ट्रंकेवर, आणि कुठंही तुटली नव्हती. चुना, कागद आणि पत्रा एकाच रेघेत कसे तडकतील?

त्यांनी फिलर लावला. पान आत शिरलं. दुसरं, जाड पानही शिरलं.

"आता त्या चित्राला हात लावू नकोस," ते म्हणाले.

"बरं," यशोदाबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन पाहतात, तर माळरान आणखी वीतभर वाढलं होतं.

"अहो, मी मुद्दाम नाही बसत," त्या ओशाळून म्हणाल्या. "तुकडा हातात आला की जागा आपसूक सापडते. सोडून उठावंसं वाटत नाही. किती छान बसतंय म्हणून सांगू!"

त्यांचा उजवा हात खाटेच्या कठड्यावर होता. कठड्यावर एक रेघ आलेली होती. तीच त्यांच्या मनगटावर चढून कोपराकडं गेली होती. उद्धवरावांनी हात उचलून पाहिला. रक्त नाही, सूज नाही. कठड्यावर परत ठेवला, तर रेघेला रेघ तंतोतंत मिळाली.

"दुखतंय?"

"नाही. तिथून जरा गार वारं लागतं."

डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, कातडी कोरडी पडलीय.

उद्धवरावांनी उरलेले तुकडे उचलून पवना नदीत टाकायचं ठरवलं. ते डब्यात हात घालतात तो डबा रिकामा. चित्र पुरं झालं होतं.

त्यांनी फळी अंगणात आणली. हातकरवत घेतली आणि माळरानाच्या मधोमध चालवली. करवत लोण्यातून जावी तशी गेली. खाली भुसा पडला नाही. करवत दुसऱ्या कडेनं बाहेर आली, तेव्हा मागची फळी अखंड होती.

शेजारच्या दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही ते पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दार आतून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उद्धवराव कामावर जायला तयार नव्हते.

"खाडे किती करणार?" यशोदाबाई म्हणाल्या. "जावा. मी हाय इथंच."

साडेतीनला ते परतले. दार उघडं होतं. स्टोव्हवर चहाचं आधण होतं, पाणी अजून कोमट होतं.

यशोदाबाई नव्हत्या.

खाटेमागच्या भिंतीतून ताटलीएवढा एक तुकडा गळून पडला होता. त्या जागी वीट दिसत नव्हती. पलीकडची दुर्गाबाईंची खोलीही दिसत नव्हती. उजेड नव्हता आणि नीटसा अंधारही नव्हता. नुसतं गार होतं.

त्यांनी विहिरी पाहिल्या, नदीचा काठ पाहिला, स्टेशन पाहिलं. बार्शीला तार केली. पोलिसांनी कागद लिहून घेतला. भिंतीतलं भोक सोनबांनी पाहिलं. दोन पाट्या चुना-विटा त्यात ओतल्या, आत पडल्याचा आवाज आला नाही, तेव्हा ते रिकाम्या पाट्या घेऊन निघून गेले. भाड्याला पुन्हा कधी आले नाहीत.

उद्धवराव खोलीत एकटेच राहिले. रोज सकाळी कामावर जाताना ते एक कप चहा त्या भोकाच्या काठावर, आतल्या बाजूला ठेवत. का ठेवत, हे त्यांना सांगता आलं नसतं.

परतल्यावर कप रिकामा असे. धुऊन पालथा घातलेला.

ते त्या कपाकडं बराच वेळ बघत बसत. हाक मारत. उत्तर येत नसे. पण कप पालथा असे, आणि तेवढ्यावर त्यांचा दुसरा दिवस निघे. अख्खा पावसाळा असा गेला. दिवाळी गेली.

पौषातल्या एका दुपारी ते आले, तर कप पालथा नव्हता. भरलेला होता.

तिनं घेतला नाही, असं त्यांना वाटलं. सकाळचा गारढोण चहा ओतून टाकावा म्हणून त्यांनी कप उचलला.

कप चटका बसण्याइतका गरम होता. वर ताजी वाफ होती.

ते खाटेवर बसले. दोन्ही हातांनी कप धरून त्यांनी एक घोट घेतला.

चहा यशोदाबाईंच्या हातचा नव्हता.