परक्या हाताचं वळण

लॉन्ड्रीत ती आपला कोट न्यायला आली होती. पावती शोधता शोधता एकदम थांबली, कारण पायाखालून आवाज येत होता. जाड कापड कुणीतरी टरकावावं आणि लगेच घाईघाईने पुन्हा शिवून टाकावं, तसा. मध्येच एखादा माणूस काही बोलू पाहायचा... आणि पहिल्याच अक्षराला अडखळून मागे फिरायचा.

काउंटरमागे एक मावशी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होत्या. खाली कोण आहे, असं तिने विचारलं. मावशींनी मान वर न करता सांगितलं की खाली कुणी नाही, तळघर भाच्याचं आहे आणि भाचा पाव आणायला गेलाय.

"मग हा आवाज?"

"येतो कधी कधी," मावशी म्हणाल्या. नळ गळतो, असं सांगावं इतक्या सहज.

तेवढ्यात दार उघडलं. बाहेरच्या धुक्याचा एक लोट आत आला आणि त्याच्यामागून काखेत पाव धरलेला एक उंच मुलगा. केसांवर धुक्याचे बारीक थेंब जमले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. आवाज त्यालाही ऐकू आला होता. पाव काउंटरवर टाकून तो धावतच जिना उतरला, आणि ती त्याच्या मागोमाग का उतरली हे तिला कधीच कुणाला नीट सांगता आलं नाही.

खाली एक लांबट खोली. टेबलावर शेजारी शेजारी दोन टर्नटेबल, मधे दोन्हींचे आवाज मिसळणारा मिक्सर. डावीकडच्या टर्नटेबलवर रेकॉर्ड फिरत होती, सुई तिच्यावर टेकलेली होती, आणि खोलीत कुणीही नव्हतं. त्याने अलगद सुई उचलली. वर ड्रायरची घरघर तेवढी उरली.

"चालू राहिलं असेल," तो म्हणाला.

"पण नुसती रेकॉर्ड फिरून असा आवाज होतो?"

त्याने फिरती रेकॉर्ड हाताने थांबवली. तिने मग विषय बदलला आणि विचारलं, असा आवाज काढतात तरी कसा? त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला पांढरं प्लास्टर सुकलेलं होतं. ती काय काम करते, असं त्याने विचारलं. दातांच्या कवळ्या बनवते, असं तिने सांगितलं.

"म्हणजे अर्धं गाव तुमच्या हातांनी हसतं."

ती हसली. ते हसू मात्र तिचं स्वतःचं होतं.

दर मंगळवारी आणि शनिवारी, दुपारी काम आटोपलं की ती तळघरात यायला लागली. ती त्याला मास्तर म्हणायची, तो तिला कवळीवाली. पहिले दोन आठवडे त्याने तिला फक्त एकच गोष्ट करायला लावली. रेकॉर्ड म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची, नऊच्या आकड्यावर बोटांची टोकं टेकवायची, पुढे ढकलायची, मागे ओढायची. पुढे, मागे. रेकॉर्डखाली एक मऊ कापडाची चकती होती, त्यामुळे बोटांनी रेकॉर्ड धरली तरी खालचं ताट फिरतच राहायचं.

"दाबू नका," तो सांगायचा. "मांजरीच्या पाठीवरून हात फिरवतो तसा ठेवा. मनगट सैल. तुम्ही कुणाचा तरी दात उपटताय असं वाटतंय."

"उपटणारे वेगळे. मी बसवणारी."

"मग बसवा... हळू."

दुसरा हात मिक्सरवरच्या फेडरवर. ती छोटीशी सरकपट्टी इकडे केली की आवाज सुरू, तिकडे केली की बंद. अंगठा स्प्रिंगसारखा एका बाजूने रेटत ठेवायचा आणि पलीकडून बोटांनी टिचक्या मारायच्या. घाई करायची नाही. हळू जे स्वच्छ येत नाही ते वेगात नुसती घाण करतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना तो तिच्या इतका जवळ उभा असायचा की त्याच्या स्वेटरला येणारा इस्त्रीच्या वाफेचा वास तिला यायचा. पण त्याने तिच्या हाताला कधी हात लावला नाही. सगळं तोंडाने शिकवायचा. तिला ते थोडं आवडायचं... आणि थोडं खुपायचं.

तिसऱ्या आठवड्यात अचानक हात बसला.

बसला म्हणजे काय, तिचाच विश्वास बसेना. शनिवारपर्यंत आखडणारं मनगट मंगळवारी पाण्यासारखं वाहायला लागलं. रेकॉर्डवरचा माणूस 'ऐक' एवढा एकच शब्द बोलायचा, आणि तिच्या बोटांखाली त्या शब्दाचे दहा तुकडे होऊन तालात नाचायला लागले. तिने आनंदाने मास्तरकडे पाहिलं. तो भिंतीला टेकला होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चुकलं का?"

"नाही," तो म्हणाला. "थांबू नकोस."

पहिल्यांदाच तो तिला अगं-तुगं करत होता. तिच्या अंगावर शहारा आला, आणि तो प्रेमाचाच आहे असं ती धरून चालली. उजवा हात कोपरापर्यंत गार पडला होता, ते तिला रस्त्यावर आल्यावर कळलं.

त्यानंतर तो तिला रोज बोलवायला लागला. चहा करून ठेवायचा, दाराशी वाट पाहायचा, जाताना म्हणायचा, उद्या लवकर ये. दुसरी कुठली मुलगी असती तर हवेत तरंगली असती. तीही तरंगलीच... पण एक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली. ती वाजवत असताना तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचाच नाही. डोळे फक्त हातावर. आणि तो हात काही वेगळंच करत होता. करंगळी उंच उचललेली राहायची. आवाज संपला की अनामिका टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग ती टकटक कामाच्या जागीही सुरू झाली. एका म्हाताऱ्या आजोबांची कवळी ती मेणात बसवत होती. पुढचे सहा दात लागले होते, ओळ सुरेख आली होती. तेवढ्यात उजव्या हातातली मेणाची सुरी आपोआप पुढे सरकली, मागे आली, पुढे सरकली. मऊ मेणात दात वाकडेतिकडे रुतले. आणि मग बोट टेबलाच्या कडेवर वाजलं. टक, टक. तिने डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरून ठेवला. आपलाच हात धरताना तिला परक्या माणसाचा हात धरल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी ती लॉन्ड्रीत थोडी आधीच पोचली. मास्तर अजून आला नव्हता. तिने मावशींना सरळच विचारलं, की या तळघरात पूर्वी कोण वाजवायचं? मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. ड्रॉवरमधून एक फोटो काढून तिच्यापुढे सरकवला. तेच टेबल, तीच दोन टर्नटेबलं. मागे मास्तरसारखाच, पण थोडा जाड, दाढीवाला एक तरुण. त्याची करंगळी उंच उचललेली होती.

थोरला भाचा, मावशी सांगू लागल्या. दोघा भावांत काहीतरी बिनसलं होतं, कसलं ते त्या दोघांनाच ठाऊक. एका रविवारी धाकट्याने त्याच्याबरोबर कार्यक्रमाला जायचं ऐनवेळी टाळलं, आणि परतताना थोरल्याची गाडी उलटली. तीन वर्षं झाली. "खाली आवाज येतो तेव्हा मी काही जात नाही बघायला," मावशी म्हणाल्या. "आपलाच पोरगा. काय बोलणार त्याला?"

मास्तर आला तेव्हा ती जिन्यात उभी होती. फोटो तिच्या हातात होता.

"तुला कधी कळलं?"

"त्या मंगळवारीच," तो खाली बघत म्हणाला. "करंगळी उचललीस तेव्हा."

"आणि तू मला थांबवलं नाहीस."

"तीन वर्षांनी तो... मला दिसला. तुझ्यात का होईना." तो पायरीवर बसला. "मला त्याच्याशी बोलायचं होतं."

तिला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्हींच्या खाली जे होतं ते सगळ्यात जास्त दुखत होतं. ती म्हणाली, "मास्तर, रोज दाराशी उभा राहून तू वाट कुणाची बघत होतास?"

त्याची नजर पुन्हा तिच्या हाताकडे गेली. ती फोटो पायरीवर ठेवून निघून गेली.

बारा दिवस ती फिरकली नाही. हात गारच होता. भाजी चिरताना, केस विंचरताना, बसच्या काचेवर तो पुढे-मागे व्हायचा. तिने त्याला हातमोजा घातला, गरम पाण्यात बुडवला, काही उपयोग झाला नाही. आणि याहून वाईट म्हणजे मास्तरची आठवण यायची ती आपल्याला येतेय की या हाताला, हेही तिला कळेनासं झालं.

तेराव्या दिवशी दुपारी तो स्वतःच तिच्या कामाच्या जागी येऊन उभा राहिला. तिच्या टेबलावर जबड्यांचे साचे रांगेने मांडलेले होते. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. हाताकडेही नाही. तिच्या तोंडाकडे बघत होता, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा.

त्याने सांगितलं की त्याच्या चुकीची शिक्षा तिने भोगायचं कारण नाही. एकदाच खाली यावं. जे भावाला सांगायचं ते तो सांगेल, आणि तिचा हात तिला परत मिळेल. मिळाला नाही तर... पुढे काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. तिने अॅप्रन काढला आणि निघाली.

तळघरात हवा थिजली होती. तिने उजवा हात नऊच्या आकड्यावर ठेवायचा अवकाश, तो निघाला. असा तो आजवर कधीच वाजला नव्हता. 'ऐक' या शब्दाची लय वाढत गेली, तुटत गेली, रडकी झाली, रागीट झाली. दिवा बारीक झाला. थंडी तिच्या खांद्यापर्यंत चढली, गळ्यापर्यंत आली. आता आपल्या घशातून दुसऱ्याच कुणाचा आवाज निघेल, असं वाटून तिने ओठ मिटून घेतले.

तेव्हा मास्तर पुढे आला आणि त्याने पहिल्यांदा तिच्या हातावर हात ठेवला.

"दादा," तो म्हणाला. "मी यायला हवं होतं. नाही आलो. मी भांडणाचा राग धरून घरी बसलो, आणि ते मला रोज आठवतं."

हात पुढे-मागे होत राहिला.

"तुला माझ्यावर ओरडायचं असेल तर माझ्याकडे ये. माझा हात घे. हिचा सोड. ही..." तो थांबला. "हिला मी गमावलं, तर ते तुझ्यामुळे नसेल. माझ्यामुळेच असेल. पुन्हा एकदा."

रेकॉर्ड त्याच्या हाताखाली हळूहळू मंदावली. शब्द लांबला, खोल गेला, नुसती घरघर उरली आणि तीही विरली. तिच्या अनामिकेने टेबलाच्या कडेवर एकदाच टक केलं. दुसऱ्या टकटकीची दोघंही श्वास रोखून वाट बघत राहिले. ती आली नाही. बोटांमध्ये मुंग्या आल्या, मग ऊब. दिवा पुन्हा नीट जळू लागला.

मास्तर रडत होता. तिने त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळाने तिने रेकॉर्डवर बोटं टेकवून पाहिली. मनगट लाकडासारखं आखडलं आणि रेकॉर्ड गचका खाऊन कर्कश ओरडली.

"गेलं सगळं," ती म्हणाली. "आता मला काहीच येत नाही."

"दिसतंय."

"मग आता मला रोज कशाला बोलावशील?"

त्याने बाहीने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

"तुझ्या उजव्या भुवईत प्लास्टरचा एक कण अडकलाय," तो म्हणाला. "कामाच्या जागी आलो तेव्हापासून बघतोय. तो काढू का, एवढं विचारायला मला इतका वेळ लागला. तू मला आवडतेस, कवळीवाली. तू, तुझ्या या बेसूर हातासकट."

तिने डोळे मिटून चेहरा तेवढा थोडा पुढे केला. त्याने बोटाच्या टोकाने तो कण काढला, अगदी सावकाश, आणि काढून झाल्यावरही बोट तिथेच राहिलं.

मग ती रेकॉर्डकडे वळली आणि पुन्हा ढकलायला लागली. आवाज इतका भयानक निघाला की वरून मावशींनी जमिनीवर दोन लाथा हाणल्या आणि ओरडून विचारलं, खाली कुणाचा गळा कापताय काय. दोघंही खो-खो हसायला लागले, आणि तिने हसता हसता रेकॉर्ड आणखी जोरात मागे ओढली.