चौदावा डबा

मोजणीदाराने उभ्या आयुष्यात न मोजलेला आकडा कधी कागदावर उतरवला नव्हता. जमिनी मोजण्यात तीस वर्षं गेली. लोक गोड बोलले, डोळे वटारून झाले, पण हा पठ्ठ्या साखळी टेकली तिथलाच आकडा लिहायचा. त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वीची एवढीशी लबाडी त्याच्या घशात काट्यासारखी अडकून बसली होती.

लबाडी एका खेळातली होती. त्याचा धाकटा भाऊ शाळेत गणित शिकवायचा आणि घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. दोघा भावांना डबे शोधण्याचा नाद होता. कुणी हौशी माणूस पाणी न शिरणारा डबा कुठेतरी दडवून ठेवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या ॲपवर टाकतो. मोबाइल हातात धरून तो डबा हुडकायचा, आतल्या वहीत स्वतःच्या हाताने तारीख, वेळ आणि सही करायची, आणि मग ॲपवर ‘सापडला’ अशी नोंद करायची. सही आधी, नोंद नंतर. नियम काय तो एवढाच, बाकी नुसती पायपीट.

किनाऱ्यावर पक्ष्यांसाठी राखून ठेवलेल्या भागात असे चौदा डबे होते. तेरा सापडले होते. चौदावा होता चिखलाच्या सपाट पट्ट्याच्या पार टोकाला, एका मोडक्या होडीखाली, आणि ओहोटीच्या दोन तासांतच तिथे पायी जाता यायचं. पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी अर्ध्या वाटेत मोजणीदाराच्या गुडघ्याने मान टाकली, पाणी फिरलं आणि दोघं हात हलवत परतले. गाडीत बसल्या बसल्या मास्तरने मोबाइल काढला.

“टाकतो बघ नोंद. वेळ अकरा चाळीस, दोघंही पोचले, दोघांच्याही सह्या झाल्या.”

“अरे, पण आपण गेलोच नाही!”

“पुढच्या खेपेला जाऊन करू की सह्या. कोण बघायला बसलंय, दादा?”

मोजणीदाराने त्याला नोंद करू दिली. खरं म्हणजे त्यालाही चौदाचा आकडा पुरा झालेला हवा होता, आणि तेच त्याला पंधरा दिवस डाचत राहिलं.

म्हणून आज पुन्हा निघायचं ठरलं. निघताना मास्तरची बायको दारापर्यंत आली. “भाऊजी, यांच्यावर जरा लक्ष ठेवा. पाणी दिसलं की यांना लहान मुलासारखं होतं.”

“गेलो दोघं तसे येऊ दोघं,” मोजणीदार म्हणाला. “माझी जबाबदारी.”

“मला हात धरून आणणार आहे दादा,” मास्तर बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला. “इयत्ता पहिलीत आहे ना मी!”

चिखलावर उतरायच्या वाटेशी रखवालदाराची लाकडी खोली होती. भिंतीवर एक फळी, फळीवर वीस हुक, प्रत्येक हुकावर नंबर घातलेला पितळी बिल्ला. आत जाणाऱ्याने बिल्ला घेऊन जायचा आणि आल्यावर त्याच्या हुकाला अडकवायचा, म्हणजे भरतीच्या वेळी कोण आत राहिलं ते एका नजरेत कळतं. रखवालदाराने नऊ आणि दहा नंबर काढून दिले आणि तो कुरकुरला.

“गेल्या खेपेचे सात आणि आठ तेवढे आणून द्या बरं का. पंधरा दिवस झाले.”

“परत केले की आम्ही,” मोजणीदार म्हणाला. त्याला स्वच्छ आठवत होतं. त्याने स्वतःच्या हाताने दोन्ही बिल्ले अडकवले होते, आधी सात, मग आठ.

रखवालदाराने फळीकडे बोट दाखवलं. सात आणि आठचे हुक रिकामे होते. त्याच्या वहीतही बाहेर आल्याची खूण नव्हती.

“पडले असतील कुठेतरी फळीमागे,” मास्तरने विषय झटकला. “चल दादा, ओहोटी काही आपल्यासाठी थांबायची नाही.”

उतरल्यावर चिखल घोट्यापर्यंत लागत होता. ऊन होतं, पण धुरकट. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मीठ आणि कुजलेल्या गवताचा वास येत होता. वाट दाखवायला शंभर-शंभर पावलांवर खांब रोवलेले होते. मास्तरची बडबड अखंड चालू होती: शाळेतली भांडणं, तपासायचे राहिलेले पेपर, दादाचा गुडघा. पाचव्या खांबाशी मोजणीदार थांबला.

पुढे दोन माणसांची पावलं उमटली होती. एकाचा उजवा पाय किंचित घासत गेला होता आणि बाजूला काठीचे गोल खड्डे होते. मोजणीदाराने आपल्या काठीचं टोक त्यातल्या एका खड्ड्यात टेकवलं. ते नेमकं बसलं.

“गेल्या खेपेचे ठसे असतील आपले,” मास्तर म्हणाला.

“भरती रोज दोनदा सगळं पुसून नेते. हे आज सकाळचे आहेत.” मोजणीदाराने मागेपुढे पाहिलं. “आणि आपण गेल्या खेपेला इथूनच परत फिरलो होतो.”

पावलं पुढे होडीच्या दिशेने गेली होती. परतीचं एकही पाऊल नव्हतं.

तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पण होडी समोर दिसत होती, घड्याळात अकरा पंचवीस झाले होते, आणि घशातला काटा एकदाचा निघावा असं त्याला फार वाटत होतं.

होडी बारा पावलं लांबीची होती, पालथी पडलेली, शेवाळाने काळी झालेली. डबा तिच्या तुटक्या फळीखालीच सापडला. मास्तरने झाकण काढून वही उघडली आणि त्याची बडबड थांबली.

शेवटच्या पानावर गेल्या खेपेची तारीख होती. वेळ अकरा चाळीस. खाली दोघांच्या सह्या. मोजणीदाराने आपलं अक्षर लगेच ओळखलं. तारखेखाली दोन रेघा होत्या, दुसरी थोडी आखूड. मोजणीच्या कागदांवर तो तशाच मारायचा.

“कुणीतरी चेष्टा करतंय,” मास्तर म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. “होडीमागे दडलेला असणार. बघतोच त्याला.”

“नको जाऊस.”

“अरे, बारा पावलं तर आहेत!”

तो होडीला वळसा घालून गेला. चिखलातली त्याची पावलं मोजणीदार सवयीने मोजत राहिला. दहा, अकरा, बारा. मग काहीच नाही. तो साठपर्यंत मोजत गेला. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर दुसऱ्या बाजूने बाहेर आला.

“कोणी नाही. चल.”

“एवढा वेळ काय करत होतास?”

“चल,” मास्तर म्हणाला आणि पुढे चालू लागला.

तो बोलत नव्हता. घाबरला असेल, मोजणीदाराला वाटलं. तो स्वतःही घाबरला होता. चिखलातल्या खळग्यांत पाणी भरू लागलं होतं.

“दादा!”

हाक मागून आली. मास्तर दहा पावलं पुढे चालत होता.

“पक्षी असेल,” तो न वळता म्हणाला. “मागे बघू नकोस. पाणी फिरलंय.”

“दादा, थांब ना!”

मोजणीदार थबकला. मागे नुसतं पांढरं धुकं होतं, त्यात होडीही दिसत नव्हती. पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. समोर भावाची पाठ होती, तीच टोपी, तोच शर्ट. ज्याला घरी न्यायचं कबूल केलं होतं, तो डोळ्यांपुढे चालत होता.

तो पुढे चालत राहिला. तिसरी हाक फार लांबून आली, आणि तिच्यात शब्द नव्हता.

खोलीशी पोचल्यावर त्याने नऊ नंबर अडकवला. मास्तरने खिशातून आपला बिल्ला काढला, हुकाला लावला आणि गाडीत जाऊन बसला.

“बघा, सापडला की!” रखवालदार खूश झाला. “आता जुन्यातला सात तेवढा राहिला.”

बिल्ला आठ नंबरचा होता. त्यावर मिठाचा पांढरा थर चढला होता आणि दोरीला बारीक शिंपले चिकटले होते. दहाचा हुक रिकामा होता.

“माझा भाऊ आत राहिलाय!” मोजणीदार ओरडला.

रखवालदाराने गाडीकडे पाहिलं. “असं काय करता? ते काय, गाडीत बसलेत.”

मोजणीदार काठी टेकत, धडपडत पाण्यापाशी गेला. “मास्तर!” त्याने हाक मारली. बेंबीच्या देठापासून मारली. पहिले तीन खांब दिसत होते, पुढचे धुक्यात बुडाले होते. पाणी अगदी शांत होतं.

खिशात मोबाइल वाजला. मास्तरची बायको होती.

“भाऊजी, यांचा फोन लागत नाहीये. आलात ना पाण्याबाहेर? दोघंही?”

तो गाडीकडे वळला. गाडीची काच खाली होती. आत बसलेला माणूस त्याच्याकडेच बघत होता.

“भाऊजी?”

“हो,” मोजणीदार म्हणाला. “दोघंही.”

गाडीतल्या माणसाने मान डोलावली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर डोलावतात तशी.